रिसिंड : एक इंग्रजी क्रियापद आणि त्याची अनेक अरबी रूपं

इंग्रजी पत्रात 'रिसिंड' हे क्रियापद आलं की इंग्रजी-मराठी कोश 'रद्द करणे' म्हणून मोकळा होतो आणि इंग्रजी-अरबी कोश 'अल्ग़ा' म्हणून. दोन्ही उत्तरं खोटी नाहीत, पण अर्धीच आहेत. समितीचा निर्णय, नोकरीचा देकार आणि विक्रीचा करार या तिन्हींना इंग्रजीत एकच रिसिंड चालतं. अरबीत मात्र या तीन जागी तीन वेगळी क्रियापदं बसतात आणि कराराच्या बाबतीत तर तो कशामुळे मोडला यावरही क्रियापद बदलतं. त्यामुळे 'रिसिंडला अरबीत काय म्हणतात' असं विचारून फारसं काही हाती लागत नाही. काय मागे घेतलं, कुणी आणि कोणत्या कारणानं, एवढं कळलं की शब्द आपोआप सापडतो.

आधी इंग्रजी. रिसिंड म्हणजे रीतसर दिलेली किंवा मंजूर केलेली गोष्ट रीतसर मागे घेणं. इथे 'रीतसर' दोनदा आलंय ते मुद्दाम. पहिली कृती अधिकृत हवी आणि ती मागे घेण्याची कृतीही तितकीच अधिकृत हवी. उद्या भेटू असं मित्राला सांगून मग बेत मोडला, तर त्याला रिसिंड म्हणणारा माणूस एकतर वकील असतो किंवा थट्टा करत असतो. आणखी एक अट न सांगता गृहीत धरलेली असते: बहुतेक वेळा ज्यानं दिलं, त्यानंच मागे घ्यायचं. संचालक मंडळ स्वतःचा निर्णय रिसिंड करतं. वरच्या न्यायालयानं खालच्या न्यायालयाचा निकाल फिरवला तर इंग्रजीत 'ओव्हरटर्न' किंवा 'क्वॉश' म्हणतात, रिसिंड नाही. न्यायालय करार रिसिंड करतं खरं, पण ते करारातल्या एका पक्षाच्या मागणीवरून.

शब्द लॅटिनमधला. 'स्किंदेरे' म्हणजे चिरणं, फाडणं. संस्कृतातला छिद् हा धातू त्याचाच दूरचा भाऊबंद आहे, म्हणजे आपले छेद आणि विच्छेद त्याच कुळातले. मराठी कायद्याच्या परिभाषेत रिसिझनला 'विखंडन' म्हणतात आणि 'ठराव विखंडित केला' असं वाक्य सरकारी कागदांत दिसतं, त्यातही तुकडे करण्याचीच कल्पना आहे. शब्द जड वाटला तरी तो अचूक आहे. 'रद्द करणे' इतकं सैल आहे की त्यात तिकीटही येतं आणि तहही.

उच्चार 'रि-सिंड', जोर दुसऱ्या भागावर. स्पेलिंगमध्ये एसनंतर सी आहे, पण तो उच्चारात येत नाही. नाम 'रिसिझन', त्यात आधी एस-सी आणि पुढे डबल एस. लोक इथे हमखास घसरतात. कुणी सी गाळतो, कुणी 'रिसेशन' लिहून बसतो, आणि मंदी हा अर्थ असलेला तो शब्द स्वतः शुद्ध असल्यामुळे शुद्धलेखन तपासणारा प्रोग्रॅम गप्प राहतो. त्याहून घातक गोंधळ 'रिसेंड'शी. 'आम्ही नियुक्तिपत्र रिसेंड करतोय' आणि 'आम्ही नियुक्तिपत्र रिसिंड करतोय' या दोन वाक्यांत फोनवर जेमतेम एका स्वराचा फरक ऐकू येतो, आणि ऐकणाऱ्याची नोकरी त्या स्वरावर लटकलेली असते. तोंडी बोलताना 'विथड्रॉ' म्हणावं. रिसिंड कागदासाठी राखून ठेवावं.

व्याकरणाच्या बाजूनं हे साधं सकर्मक क्रियापद आहे. कर्म लगेच पुढे येतं, मध्ये कुठलंही शब्दयोगी अव्यय नको. 'विथड्रॉ फ्रॉम'च्या सवयीनं 'रिसिंड फ्रॉम द काँट्रॅक्ट' लिहिलेलं दिसतं, ते चूक. कर्माच्या जागी माणूसही चालत नाही. नियुक्ती रिसिंड होते, नियुक्त झालेला उमेदवार नाही. 'दे रिसिंडेड हिज ऑफर' हे व्याकरणात बसतं, पण अर्थात लंगडं आहे, कारण 'हिज ऑफर' म्हणजे त्यानं दिलेला देकार की त्याला दिलेला, हे कळत नाही. 'दे रिसिंडेड देअर ऑफर टू हिम' लिहिलं की वाद मिटतो.

ज्या कागदानं प्रत्यक्ष रद्द करायचं आहे त्यात काळ साधा वर्तमान असावा: 'वुई हिअरबाय रिसिंड'. 'वुई आर रिसिंडिंग' म्हटलं तर काम चालू आहे असा अर्थ निघतो आणि 'वुई विल रिसिंड' हे नुसतं आश्वासन. वाक्य उच्चारणं हीच जिथे कृती असते, तिथे इंग्रजीला साधा वर्तमानकाळ लागतो.

आता शेजारचे शब्द, कारण निम्म्या चुका तिथल्याच. परवाना, मुखत्यारपत्र, मृत्युपत्र यांना 'रिव्होक' लागतं; चालू असलेला अधिकार किंवा सवलत काढून घ्यायची असते तिथे हाच शब्द. विधिमंडळानं कायदा काढून टाकला तर 'रिपील', मराठीत निरसन. विवाह किंवा निवडणुकीचा निकाल 'ॲनल' होतो, कारण तो मुळातच वैध नव्हता असं म्हणायचं असतं. विधान किंवा आरोप 'रिट्रॅक्ट' करतात. कार्यक्रम, तिकीट, मालाची मागणी यांना 'कॅन्सल' पुरतं, उगाच रिसिंड लावून भारदस्तपणा येत नाही. देकाराची गंमत वेगळी आहे. करार कायद्याच्या पुस्तकात, स्वीकारण्याआधी मागे घेतलेला प्रस्ताव 'रिव्होक' झालेला असतो, पण कंपन्यांच्या मनुष्यबळ विभागात आणि बातम्यांत नोकरीची ऑफर नेहमी 'रिसिंड'च होते. दोन्ही प्रयोग आपापल्या जागी रुळलेले आहेत, त्यामुळे पुस्तकी माणसानं मनुष्यबळवाल्यांना दुरुस्त करायला जाऊ नये.

सभेच्या कामकाजात रिसिंड हा एक स्वतंत्र ठराव असतो. अमेरिकेत सर्रास वापरल्या जाणाऱ्या रॉबर्टच्या सभानियमांनुसार आधी मंजूर झालेला ठराव रद्द करायला पूर्वसूचना दिली असेल तर साधं बहुमत पुरतं. सूचना नसेल तर दोन तृतीयांश मतं किंवा एकूण सदस्यसंख्येचं बहुमत लागतं. ठरावाची अंमलबजावणी होऊन ती उलटवणं अशक्य झालं असेल, तर तेवढा भाग रिसिंड करता येत नाही. स्वीकारलेला राजीनामा, संबंधित माणसाला कळवल्यावर, तसाच.

सरकारी निर्णयालाही हा शब्द लागतो, आणि मागे घेणं ही स्वतःच एक अधिकृत कृती असल्यामुळे तिचीही छाननी होऊ शकते. लहानपणी बेकायदा अमेरिकेत आणल्या गेलेल्या स्थलांतरितांना संरक्षण देणारा 'डाका' कार्यक्रम सप्टेंबर 2017 मध्ये रिसिंड करण्याचं जाहीर झालं. 18 जून 2020 रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ते रिसिझन टिकू शकत नाही असं ठरवलं. सरकारला कार्यक्रम बंद करण्याचा अधिकार होता, हे न्यायालयानंही मानलं. आक्षेप होता तो पद्धतीवर आणि दिलेल्या कारणमीमांसेवर.

कर्जाच्या कागदांत 'राइट ऑफ रिसिझन' भेटतो. अमेरिकेच्या 1968 च्या 'ट्रूथ इन लेंडिंग' कायद्यानुसार राहतं घर तारण ठेवून घेतलेल्या ठरावीक प्रकारच्या कर्जातून कर्जदाराला तिसऱ्या कामकाजी दिवसाच्या मध्यरात्रीपर्यंत बाहेर पडता येतं. घर विकत घेण्यासाठीचं मूळ कर्ज यात येत नाही. सावकारानं आवश्यक माहिती आणि सूचना दिलीच नसेल तर ही मुदत तीन वर्षांपर्यंत जाते. त्या तीन वर्षांत लेखी कळवणं पुरेसं आहे, दावा दाखल करायलाच हवा असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2015 मध्ये स्पष्ट केलं.

करारात मात्र जपून. इंग्लंडच्या कायद्यात रिसिझन म्हणजे करार मुळापासून पुसून दोन्ही पक्षांना पूर्वीच्या जागी नेऊन ठेवणं. खोटी माहिती देऊन सही घेतली, तर हा मार्ग खुला होतो. समोरच्यानं करार पाळला नाही म्हणून तो पुढच्यापुरता संपवणं हे 'टर्मिनेशन', त्यात झालेले व्यवहार तसेच राहतात आणि नुकसानभरपाईही मागता येते. जुने वकील दोन्हींना रिसिझन म्हणत. हाउस ऑफ लॉर्ड्सनं, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं, 1979 मध्ये जॉन्सन विरुद्ध ॲग्न्यू या खटल्यात हा गोंधळ नावानिशी दाखवला, तरी जुन्या मसुद्यांत तो अजून भेटतो. मुळापासून पुसण्यालाही मर्यादा आहेत. सत्य कळूनही करार चालू ठेवला, फार वेळ घालवला, मिळालेली वस्तू परत करण्यासारखी उरली नाही किंवा मधल्या काळात निरपराध तिसऱ्यानं हक्क विकत घेतला, तर रिसिझन हातातून जातं. शिवाय 1967 च्या मिसरिप्रेझेंटेशन कायद्यानं, खोटेपणा जाणूनबुजून केलेला नसेल तर, रिसिझनऐवजी नुकसानभरपाई द्यायची मुभा न्यायाधीशाला दिली आहे. अरबी शब्द निवडताना हा फरक सगळ्यात जास्त छळतो.

आता अरबी. निर्णय, ठराव, बंदी, परिपत्रक यांना 'अल्ग़ा' हेच क्रियापद. भूतकाळ अल्ग़ा, वर्तमान युल्ग़ी, नाम इल्ग़ा. 'समितीनं आपला निर्णय रद्द केला' हे 'अल्ग़ति-ल्-लज्नतु क़रारहा' होईल; क्रियापद आधी, कर्ता नंतर, आणि समिती स्त्रीलिंगी म्हणून क्रियापदाला त. शब्दकोशात हा शब्द अलिफ़खाली शोधू नये, तिथे तो नाही. अरबी कोश धातूप्रमाणे लावलेले असतात आणि याचा धातू ल-ग़-व. 'लग़्व' म्हणजे निरर्थक बडबड. त्यावरून अल्ग़ा म्हणजे एखाद्या गोष्टीला निरर्थक करून टाकणं.

देकाराला 'सहब', म्हणजे ओढून घेणं: 'सहबति-श्-शरिकतु अर्द़हा', कंपनीनं आपला देकार मागे घेतला. इथे अल्ग़ा वापरलं तरी कुणी हसणार नाही. बातम्यांत 'तराजअ अन' हाही प्रयोग दिसतो. त्याचा अर्थ माघार घेणं, आणि त्यात थोडी नामुष्कीची छटा आहे. सरकारी कागदाचं भाषांतर करताना तो टाळावा, कारण रिसिंडमध्ये ती छटा नाही.

कराराला 'फ़सख़'. 'फ़सख़-ल्-मुश्तरी-ल्-अक़्द' म्हणजे खरेदीदारानं करार मोडला, तोही कायदेशीर मार्गानं. आपल्या फसणे-फसवणेशी याचं काही नातं नाही, कानाला तसं वाटतं एवढंच. आणि इथेच इंग्रजी रिसिझन अरबीत फुटतं. इजिप्तची 1948 ची नागरी संहिता पाहा. समोरच्यानं करार पाळला नाही तर त्याला रीतसर ताकीद देऊन फ़स्ख़ (फ़सख़चं नाम) मागता येतो, हे कलम 157. फ़स्ख़ झाला की दोन्ही पक्ष पूर्वीच्या स्थितीत, आणि ते अशक्य असेल तर भरपाई, हे कलम 160. पण चूक, फसवणूक किंवा जबरदस्ती यामुळे सही झाली असेल तर ती संहिता फ़स्ख़ म्हणत नाही, 'इब्ताल' म्हणते, म्हणजे करार अवैध ठरवणं. फसवणुकीचं कलम 125, आणि हा हक्क बजावायला कलम 140 नं तीन वर्षांची मुदत घातली आहे, फसवणूक उघड झाल्या दिवसापासून. म्हणजे खोट्या माहितीमुळे इंग्लंडमध्ये ज्याला रिसिझन म्हणतात, त्याचं इजिप्तमधल्या वकिलासाठीचं भाषांतर इब्ताल. फ़स्ख़ लिहिलंत तर तो भलतंच कलम उघडून बसेल.

दोघांनी संमतीनं करार मोडला तर 'इक़ाला'. भूकंपासारख्या कारणानं तो पाळणंच अशक्य झालं, तर कलम 159 प्रमाणे करार आपोआप गळून पडतो, तेव्हा क्रियापद 'इन्फ़सख़'. यात सुरुवातीचा 'इन्' महत्त्वाचा. त्या साच्यात क्रियापद अकर्मक होतं, म्हणजे करार मोडला, कुणी मोडला नाही. मराठीत आपण मोडणे हे दोन्हीकडे वापरतो, अरबीत एका अक्षरगटानं कर्ता नाहीसा होतो. आणि ग्राहकाला काही दिवसांत विचार बदलण्याची जी मुभा असते तिला 'हक़्क़ु-ल्-उदूल' म्हणतात, तिथे फ़स्ख़ फार भारी पडतं.

न्यायालयाचा निकाल वरच्या न्यायालयानं मोडला तर 'नक़्द़', त्यावरूनच 'महकमतु-न्-नक़्द़' हे वरिष्ठ न्यायालयाचं नाव, आणि नकाराधिकार म्हणजे 'हक़्क़ु-न्-नक़्द़'. शेवटचा द जड आहे, तो हलका झाला की 'नक़्द' होतं, म्हणजे रोकड. आपलं नगद तेच.

मराठी वाचकाला अरबी कायदेशीर भाषेत एक गैरसोय आहे, जी इतरांना नसते: अर्धे शब्द ओळखीचे वाटतात. फ़ारसीमार्फत आलेले हे शब्द आपल्याकडे येता येता अर्थ बदलून बसले आहेत. अरबीत 'क़रार' म्हणजे निर्णय किंवा ठराव, आपला करार म्हणजे अरबीतला 'अक़्द'. 'इल्ग़ाउ-ल्-क़रार' वाचून करार रद्द झाला असं समजणं हा सगळ्यात सहज होणारा आणि सगळ्यात महाग पडणारा गैरसमज. 'अर्द़' म्हणजे देकार. तोच शब्द जड द चा ज होऊन आपल्याकडे अर्ज झाला. अरबीत तो कंपनीकडून उमेदवाराकडे जातो, मराठीत उमेदवाराकडून कंपनीकडे. 'हुक्म' हा न्यायालयाचा निकाल, आपल्या अर्थाचा हुकूम म्हणजे 'अम्र'. 'क़ाइदा' म्हणजे नियम किंवा पाया, कायदा म्हणजे 'क़ानून'.

आणि खुद्द रद्द? अरबीत 'रद्द'चा मूळ अर्थ परत करणं, फेटाळणं, आणि रोजच्या वापरात उत्तर देणं. 'रद्द अला-र्-रिसाला' म्हणजे त्यानं पत्राला उत्तर दिलं. त्याचं मराठी 'पत्र रद्द केलं' असं करणारा माणूस शब्द ओळखून चुकतो. 'बातिल' मात्र इमानदार राहिला: अरबीत आजही 'अक़्द बातिल' म्हणजे अवैध करार. आपलं रद्दबातल या दोघांच्या जोडीतून झालं. अरबीतली जोडी थोडी वेगळी, 'लाग़िन् व बातिल', आणि इंग्रजीतली 'नल अँड व्हॉइड'. तिन्ही भाषांतल्या वकिलांना एका शब्दावर भरवसा नव्हता असं दिसतं.

कर्मणी प्रयोगाकडे लक्ष द्यावं. 'द डिसिजन वॉज रिसिंडेड बाय द बोर्ड' याचं वृत्तपत्री अरबी 'तम्म इल्ग़ाउ-ल्-क़रार मिन क़िबलि-ल्-मज्लिस' असं येतं. चालतं, पण काळजीपूर्वक लिहिणारा कर्ता माहीत असेल तर सरळ कर्तरी करतो, 'अल्ग़-ल्-मज्लिसु-ल्-क़रार', आणि माहीत नसेल तर 'उल्ग़िय-ल्-क़रार'. सरकारी आदेशांत एक ठरलेलं वाक्य असतं: 'युल्ग़-ल्-क़रारु रक़्म' आणि पुढे क्रमांक, वर्ष. क्रमांक अमुकचा निर्णय याद्वारे रद्द करण्यात येत आहे, असा त्याचा अर्थ. वर सांगितलेल्या 'वुई हिअरबाय रिसिंड'ची ही अरबी जोड, इथेही काळ वर्तमानच. कर्मणी 'युल्ग़ा' आणि कर्तरी 'युल्ग़ी' यांत लिखाणात फरक फक्त शेवटच्या अक्षराखालच्या दोन टिंबांचा. इजिप्तमधल्या छपाईत ती टिंबं बरेचदा घालत नाहीत. तिथून आलेल्या कागदात नुसत्या रूपावर न जाता पुढे कर्ता आहे का ते शोधावं. नसेल तर युल्ग़ा.

रद्द करणाऱ्या पत्रात, भाषा कुठलीही असो, मूळ कागदाचा क्रमांक आणि तारीख हवीच. नुसतं 'आमचं मागचं पत्र' लिहिलं तर कोणतं, यावर पुढे भांडण ठरलेलं. पूर्ण कागद जातोय की एखादं कलम, तेही लिहावं. कोणत्या अधिकारात मागे घेतो आहोत, ते एका ओळीत. घेतलेले पैसे किंवा वस्तू कधीपर्यंत परत होणार, ते पुढच्या ओळीत. आणि सगळ्यात जास्त राहून जाणारी गोष्ट म्हणजे परिणाम कधीपासून. इंग्रजी रिसिंड यावर स्वतः काही ठाम बोलत नाही, करारात ते मागे जातं, धोरणात बहुधा पुढे. म्हणून मुळापासून असेल तर इंग्रजीत 'ॲब इनिशिओ' आणि अरबीत 'बि-असरिन् रज्ई' लिहावं, म्हणजे पूर्वलक्षी परिणामानं. आजपासून पुढे असेल तर इंग्रजीत 'विथ इफेक्ट फ्रॉम' आणि अरबीत 'इअ्तिबारन् मिन तारीख़', पुढे तारीख अंकांत, महिना अक्षरांत. महिना अंकात लिहिला तर अमेरिकी वाचक महिना आणि दिवस उलटे वाचण्याची शक्यता असते.